विचारा तर खरं : निळ्या पेटीची रूपं किती?

रंगमंचावरच्या आणि पडद्यावरच्या वस्तू, त्या कोण कशा घडवतं, याबद्दलच्या तुमच्या प्रश्नांना मी या पानावर उत्तरं देते. या वेळी तिन्ही पत्रं एकाच मालिकेबद्दलची निवडली आहेत. पहिल्या पत्रानेच बरीचशी जागा घेतली, आणि ती त्याला द्यायलाच हवी होती.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. 'डॉक्टर हू' ही इंग्रजी मालिका तो तहानभूक विसरून बघतो, अगदी काळे-पांढरे भागसुद्धा. त्यात काळातून प्रवास करणारी निळी पेटी आहे, तिला टार्डिस म्हणतात. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासाठी ती पेटी करायचं ठरलंय आणि त्यावरून पोरांची जुंपली आहे. एकाच्या फोटोत दारावर गोल बिल्ला आहे, दुसऱ्याच्या फोटोत नाही. एका काळात पेटी ठेंगणी, दुसऱ्या काळात उंच. खिडक्यांच्या चौकटी कुठे पांढऱ्या, कुठे निळ्या. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या लोकांना एक पेटी धड सांभाळता आली नाही, तुम्ही कशाला डोकं फोडता? मुलगा म्हणतो, पेटी जिवंत आहे, ती आपली आपणच बदलते. खरं काय? आणि आम्ही कुठली करावी? — एक आई, देवगड

उत्तर : ताई, उत्तराला आठ दिवस लागले, कारण लिहायच्या आधी मी माझ्याकडच्या सगळ्या डीव्हीडी पुन्हा लावल्या. माझा थोरला भाऊ बोटीवर होता. इंग्लंडच्या बंदराला बोट लागली की माझ्यासाठी या मालिकेचा एखादा संच हमखास यायचा. मी वेंगुर्ल्यात तीस वर्षं हौशी नाटकांचं नेपथ्य करते. त्यामुळे माझं लक्ष नटाकडे कमी आणि त्याच्या पाठीमागच्या दाराकडे जास्त असतं. दार कुठे घासतंय, बिजागरी कधी बदलली, रंगाचा हात कितवा आहे, हे मला दिसत राहतं.

पेटीकडे वळण्याआधी एका मुखवट्याची गोष्ट सांगते. पाऊस लागला की दशावतारी कंपन्या घरी बसतात आणि दुरुस्तीची कामं निघतात. अशाच एका पावसाळ्यात गणपतीचा लाकडी मुखवटा माझ्याकडे आला. सोंडेच्या टोकाचा टवका उडाला होता. टवक्याच्या कडेला भिंग धरलं तर वर शेंदरी, त्याखाली गुलाबी, त्याखाली फिका पिवळा आणि अगदी तळाला पांढरी माती. एका नखाएवढ्या जागेत चार पिढ्यांचे हात. मी कंपनीतल्या जुन्या नटाला विचारलं, यातला खरा रंग कुठला धरू? ते म्हणाले, "मुखवटो तोच आसा गो. रंग काय, बदलतलोच." मी शेंदरी लावला, पण सोंडेच्या आतल्या बाजूला बोटाएवढी जागा तशीच ठेवली. निळ्या पेटीकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघते.

आता पेटी. लंडनच्या रस्त्यांवर अशा पेट्या खरोखरच होत्या. गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी १९२९ मध्ये लंडन पोलिसांसाठी त्यांचा आराखडा केला. अंग काँक्रीटचं, दारं लाकडाची, माथ्यावर दिवा. गस्तीवरच्या शिपायाला ठाण्यावरून बोलवायचं असलं की तो दिवा लुकलुकायचा. बाहेरच्या बाजूला छोटी झडप, तिच्याआड फोन. तो कुणीही वापरावा, म्हणून झडपेवर सूचना, आणि तिच्यातच झडप उघडायला 'ओढा' असं लिहिलेलं. बिल्ला सेंट जॉन अँब्युलन्सचा, म्हणजे आत प्रथमोपचाराचं सामान आहे ही खूण. पुढे शिपायांच्या खांद्यावर रेडिओ आले आणि पेट्या रस्त्यावरून उठल्या. आपल्याकडे नाक्यावरचा पिवळा पीसीओ गेला, तशाच. आज जगात बहुतेकांना ही पेटी मालिकेमुळेच माहीत आहे. इतकी, की तिच्या रूपाच्या व्यापारचिन्हावर बीबीसीने हक्क सांगितला, लंडन पोलिसांनी हरकत घेतली आणि २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला.

मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. केनेडींची हत्या आदल्या दिवशीची. कथेतलं यान खरं तर जिथे उतरेल तिथलं रूप घेणारं होतं, पण दर कथेला नवी वस्तू घडवायची तर खर्च कुठून आणणार? म्हणून यंत्र बिघडलं. दुसऱ्याच भागात सगळे अश्मयुगात उतरतात, तर पेटी पेटीच राहिलेली, आणि म्हातारा डॉक्टर, म्हणजे पेटीतून फिरणारा मालिकेचा नायक, ते बघून अस्वस्थ होतो. ताई, हे मला फार मोलाचं वाटतं. हात आखडता होता, तो त्यांनी लपवला नाही. त्यातूनच कथेचा कणा काढला. आमच्या दशावतारात एक लाकडी बाकडं सिंहासन होतं, तेच डोंगर होतं, तेच पलंग होतं. गरज तीच, वाट वेगळी.

ती पहिली पेटी लाकडाची होती आणि खऱ्या पेटीपेक्षा आकाराने लहान. सुरुवातीचं चित्रण लाइम ग्रोव्हच्या अरुंद स्टुडिओत व्हायचं. त्यातच जंगल, त्यातच गुहा, त्यातच कॅमेरे. तिथे खऱ्या मापाची पेटी हलवून बघा म्हणजे कळेल. ही पेटी १९७६ पर्यंत चालली. तेरा वर्षं! लाकडी वस्तू तेरा वर्षं गाडीत चढते, उतरते, चिखलात उभी राहते, खाणीत उभी राहते, पुन्हा गोदामात जाते. शेवटी शेवटी तिचं छत एलिझाबेथ स्लेडन या अभिनेत्रीच्या डोक्यावर आलं, असं सांगतात. आणि बिल्ला? पहिल्या भागांत तो उजव्या दारावर ठसठशीत आहे. साठच्या दशकातच तो दिसेनासा होतो. रंगाचा नवा हात बसला की अशा गोष्टी जातातच. रंगाऱ्याला दार रंगवायला सांगतात, बिल्ला परत काढायला कुणी सांगत नाही.

म्हणून "सांभाळता आली नाही" हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही, ताई. मी स्वतः यातून गेले आहे. एका नाटकासाठी मी कपाट केलं होतं, नायिका त्यात लपते. जूनमध्ये तालमी. आपल्याकडची जूनची हवा तुम्हाला सांगायला नको, मीठसुद्धा पाणी होतं. दार फुगलं, चौकटीत बसेना. मी रंधा घेतला आणि कडेने दोन सूत उतरवलं. दार लोण्यासारखं फिरू लागलं. प्रयोग डिसेंबरात होता. तोवर लाकूड सुकलं, आटलं, आणि दाराच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट पडली. पाठीमागच्या दिव्याचा पट्टा थेट पहिल्या रांगेवर. नायिका लपली आहे हे सगळ्या नाट्यगृहाला दिसत होतं. मला आजही त्या फटीची जागा आठवते. पुढच्या प्रयोगाला मी तिथे पट्टी ठोकली, म्हणजे कपाट पुन्हा बदललं. कुणी दोन प्रयोगांचे फोटो शेजारी ठेवले तर म्हणेल, ही कपाटं दोन आहेत.

लाकडाने त्यांनाही असंच छळलं. १९७६ मध्ये बाहेरची पेटी नवी आली, तेव्हाच आतली खोलीही बदलली (कथेत ही पेटी बाहेरून लहान आणि आतून प्रशस्त आहे). पांढऱ्या भिंतींऐवजी गडद लाकडी तावदानांची, जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यासारखी. मला ती सगळ्यांत आवडते. पण एका हंगामानंतर त्या भिंती साठवणीत वाकल्या आणि पडद्यावर पुन्हा पांढरी खोली आली. कथेत त्याचं कारण काहीही दिलेलं असो, मूळ कारण गोदामात होतं.

१९८० मध्ये पेटी फायबरग्लासची झाली. हे आपल्या किनाऱ्यावर कुणाला समजावून द्यायला नको. आमच्या बंदरावरही लाकडी होड्या जाऊन फायबरच्या आल्या. उचलायला हलकी, फुगत नाही, फटी भरायचं काम नाही. पण फायबरच्या होडीची कड बघा, ती साच्याची कड असते, रंध्याची नसते. या पेटीचंही तेच. तुमच्या मुलाला सांगा, १९७५ चा एक भाग आणि १९८२ चा एक भाग घेऊन दाराच्या पट्ट्यांवर चित्र थांबव. फरक त्याला स्वतःलाच दिसेल.

मालिका १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एक चित्रपट येऊन गेला आणि २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तेव्हाची पेटी रुंद आणि उंच, खिडक्यांच्या चौकटी निळ्याच. २०१० मध्ये पुन्हा नवी आली : निळा रंग उजळ, चौकटी पांढऱ्या आणि उजव्या दारावर सेंट जॉनचा बिल्ला हजर! त्या भागावर मी चित्र थांबवलं आणि बराच वेळ बघत बसले. चाळीसेक वर्षं गायब असलेली खूण कुणीतरी जुने फोटो काढून, आठवणीने, पुन्हा बसवली होती.

आता तुमच्या चिरंजिवांची बाजू. तोही खोटं बोलत नाही. २०१० च्या त्या बदलाला कथेत कारण आहे. डॉक्टरचा कायापालट होताना, म्हणजे एका नटाच्या जागी दुसरा येताना, यान आतून जळतं, कोसळतं आणि स्वतःला नव्याने घडवतं. १९८१ च्या 'लोगोपोलिस' या कथेत डॉक्टर ते बिघडलेलं रूपपालटाचं यंत्र दुरुस्त करायला निघतो आणि त्यासाठी खऱ्या पोलीस पेटीची मापं घेतो. २०२३ मध्ये तर एका मोठ्या हातोड्याच्या ठोक्याने एका पेटीच्या दोन पेट्या होतात. पेटी जिवंत आहे हेही मालिकेनेच मानलंय. २०११ च्या एका भागात तिचा जीव एका बाईच्या देहात येतो आणि ती डॉक्टरला सुनावते, की दारावर ओढा असं लिहिलेलं असताना तू शेकडो वर्षं ढकलत आलास. त्या सूचनेचा अर्थ मी आधी सांगितला आहे. ती दाराची नाही, फोनच्या झडपेची. खऱ्या पेटीचं दार बाहेर उघडायचं, मालिकेतलं बहुधा आत उघडतं. चाहत्यांची ही जुनी तक्रार लेखक नील गेमन यांनी संवादात घेतली आणि ती गोड करून टाकली.

म्हणजे आधी हात बदलतात, लाकूड बदलतं, रंग बदलतो, आणि मग कथा त्या बदलाला जागा करून देते. काही बदलांना कथेने कधीच जागा दिली नाही. कुलपाचंच बघा. सुरुवातीच्या एका कथेत डॉक्टरची नात सुझन सांगते की कुलपाच्या आत एकवीस भोकं आहेत, त्यांतलं एकच बरोबर, चुकलं तर कुलूप वितळतं. ऐकताना अंगावर काटा येतो. पुढे मात्र किल्ली साधी, आपल्या फ्लॅटच्या दाराची असते तशी. मग सत्तरच्या दशकात ती नक्षीदार होते आणि २००५ मध्ये पुन्हा साधी. एकवीस भोकांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. मला यात खोट दिसत नाही. आजीच्या गोष्टीत राजाला कधी तीन राण्या असायच्या, कधी चार, म्हणून आपण गोष्ट ऐकायची सोडली नाही.

आता कुठली करायची. एकच साल ठरवा आणि त्याच सालाचे फोटो भिंतीला लावा, बाकीचे मिटवून टाका. माझं मत २०१० ला. मुलांना हवा तो बिल्ला मिळेल, पांढऱ्या चौकटी शेवटच्या रांगेतूनही उठून दिसतील, आणि उजळ निळा रंग तुमच्या कामी येईल. गडद निळा शाळेच्या पिवळ्या दिव्यांखाली काळा दिसतो. कॅमेरा आणि दिवे रंगाला कसे फसवतात ते या मालिकेच्या लोकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. १९६३ मध्ये आतला सहा बाजूंचा यंत्राचा टेबल त्यांनी फिक्या हिरव्या रंगात रंगवला, तो काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पांढरा दिसावा म्हणून.

फोनची झडप डाव्या दारावर, बिल्ला उजव्या. दारं आत उघडणारी ठेवा. पेटीची पाठ उघडी सोडा आणि ती काळ्या पडद्याला चिकटवून उभी करा, म्हणजे आत गेलेली पाच मुलं मागून विंगेत जातील आणि प्रेक्षकांना पेटी आतून प्रचंड मोठी वाटेल. प्लाय सहा मिलिमीटरचा पुरे, पण चौकटीला बत्ते चांगले वाळलेले घ्या. आणि दाराला आधीच एक सूत फट सोडा. रंधा नंतर मारू नका.

प्रश्न : ही पेटी प्रकट होताना जो घरघरणारा आवाज येतो तो कुठल्या यंत्राचा? आमच्या भजनी मंडळात यावरून पैज लागली आहे. — पेटीवादक, मालवण

उत्तर : पैज कुणी पियानोवर लावली असेल तर तो जिंकला. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे आवाज घडवणाऱ्या विभागात, ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली एका उघड्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून घासत नेली आणि ते ध्वनिमुद्रण पुढे पालटून, लांबवून वापरलं. तुम्ही पेटीवादक आहात म्हणून सांगते, त्या आवाजात मला भात्याचा श्वास ऐकू येतो, सुटतो आणि भरतो. २०१० च्या एका भागात एक पात्र म्हणतं की डॉक्टर ब्रेक लावूनच पेटी चालवतो म्हणून हा आवाज येतो. ती त्या भागातली थट्टा आहे. आवाज किल्लीचा आहे.

प्रश्न : गणपतीच्या देखाव्यात आम्ही याच मालिकेतला डालेक, म्हणजे चिलखती खोळीतला परग्रही खलनायक, करणार आहोत. एका फोटोत त्याच्या पाठीवर गोल थाळी दिसते, बाकी फोटोंत नाही. परात लावू का? — मंडळाचा कार्यकर्ता, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही कुठल्या वर्षाचा डालेक करताय त्यावर परात अवलंबून आहे.

डिसेंबर १९६३ च्या पहिल्या कथेत रेमंड क्युसिक यांनी आखलेले डालेक धातूच्या जमिनीवरून चालतात आणि त्या जमिनीतूनच वीज घेतात. म्हणून त्यांना शहर सोडता येत नाही. नायकमंडळी एका डालेकला झग्यावर ढकलतात, जमिनीशी संबंध तुटतो आणि तो लुळा पडतो. फार हुशारीने रचलेला प्रसंग आहे. पण १९६४ च्या कथेत तेच डालेक लंडनच्या रस्त्यांवर आणायचे होते, वेस्टमिन्स्टर पुलावर. तिथे धातूची जमीन कुठली? शिवाय स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर चालणारी छोटी चाकं डांबरी रस्त्यावर अडतात. आत बसलेल्या माणसाला तो सांगाडा पायाने ढकलायचा असतो. म्हणून बूड मोठं केलं, आत मोठी चाकं बसवली आणि विजेचं उत्तर म्हणून पाठीवर ती थाळी दिली. १९६५ मध्ये थाळी गेली आणि तिच्या जागी खांद्याभोवती उभ्या पट्ट्या आल्या. त्या कायमच्या टिकल्या.

तुमच्या मंडपात डालेक हलणार असेल आणि खाली ताडपत्री किंवा माती असेल, तर १९६४ चा करा. मोठ्या बुडात तुमचीही चाकं मावतील. परात ॲल्युमिनियमची घ्या, स्टीलची जड होते. ती पाठीच्या मधोमध, कडा बाहेरच्या बाजूला करून बसवा. खालच्या घेरावरचे गोळे ५६ लागतात, उभ्या ओळीत चार. प्लॅस्टिकचे चेंडू अर्धे कापून चालतील, म्हणजे २८ चेंडू आणा, आणि कापताना फुटतात म्हणून चार-सहा जास्त.